‘दहावी झाली की बघू’ म्हणून दात थांबत नाहीत

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी राजारामपुरीत एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. डॉक्टर नाही, पण रोज तेच तेच ऐकून शेवटी लिहायला बसले.

सुट्टी लागली की आमच्याकडं तार लावायला दहावी झालेल्या पोरांची ही गर्दी. आईवडिलांचं एकच, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून थांबलो. (पोरगी असेल तर ‘लग्नाआधी करू की’ असंपण असतं.) आता तार काय पंचविशीतही लागते, दात सरकतातच, पण जबडाच अरुंद असेल किंवा खालचा मागं राहिला असेल तर तो वाढत्या वयातच वळवता येतो, ते वय निघून गेलं की मग जागा करायला चांगले दात काढा नाहीतर फारच असेल तर जबड्याचं ऑपरेशन.

आणि खरा घोळ तर त्याच्याही आधी, दुधाच्या दाढांत होतो. ‘दुधाचीच हाय न्हवं मॅडम, काढून टाका की, परत येतीयच.’ येते, पण शेवटच्या दुधाच्या दाढेच्या जागी पक्का दात यायला पोर दहा-बारा वर्षांचं व्हावं लागतं, आणि सहाव्या वर्षी तिच्या मागं आलेली पक्की दाढ तोवर पुढं सरकते, केएमटीच्या बसमध्ये एकजण उठला की मागचा सरकून बसतो तसं. मग येणाऱ्या दातानं जायचं कुठं? तो वाकडा येतो नाहीतर हाडातच अडकतो. म्हणून दुधाची दाढ किडली तरी सिमेंट भरून, कॅप बसवून वाचवायची, काढावीच लागली तर स्पेस मेंटेनर म्हणजे रिंग आणि तार बसवून जागा राखायची.

ही सहाव्या वर्षाची दाढ तर बहुतेकांना माहीतच नसते, कारण तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, गुपचूप मागनं येते. परवा दुसरीतली एक पोरगी शाळेच्या ड्रेसवरच आली, तोंड उघडलं तर खालची पक्की दाढ मधोमध काळी, खड्ड्यात शेंगदाण्याचा तुकडा, आणि वडील विचारतात ही पडणारी का राहणारी. जन्माची दाढ आहे ओ ती!

बाकी काही घराण्यातनंच येतं, बापाचा जबडा लहान तर पोराचाही, ते टाळता येत नाही. पण चार वर्षांनंतरही अंगठा सुटला नाही तर वरचे दात पुढं येतात, मिरची लावून रडवण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. पोरगं तोंड उघडं टाकून झोपतंय, घोरतंय, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं न्या, नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. आणि पुढं आलेले दात म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, आपल्याकडं पेठापेठांत फुटबॉल चालतो, कोपर लागलं की पहिला तुकडा त्यांचाच पडतो.

पण सगळ्यांनी उठून तार लावा असंही नाही. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसते, बऱ्याचदा अकरा-बाराव्या वर्षी सुळे उतरले की ती आपोआप बुजते. उलट वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील तर दिसल्या दिसल्या दाखवा. सातव्या वर्षी एकदा तपासून घेतलं की थांबायचं का करायचं ते कळतं.

शाळेत आरोग्य तपासणीची टीम येते, दात बघून चिठ्ठी देते, ती चिठ्ठी दप्तरातच चुरगळते. महापालिकेच्या आणि झेडपीच्या शाळांनी पहिली-दुसरीच्या पालकसभेला दातांचा डॉक्टर बोलवावा, अर्धा तास पुरे. आमचे डॉक्टर फुकट यायला तयार आहेत, फक्त शनिवारी सकाळी ठेवा, संध्याकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर