व्यसनमुक्तीच्या ख्रिस्ती निवासांना मान्यता द्या, मात्र औषध नाकारण्याची मुभा देऊ नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

पुरुषांसाठी चालणाऱ्या ख्रिस्ती निवासी व्यसनमुक्ती केंद्रांना शासनाने मान्यता आणि अनुदान द्यावे का, हा प्रश्न निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. जिथे धर्म आला तिथे शासनाने हात आखडता घ्यावा, असे काहींना वाटते. आणि जिथे देवाचे काम चालले आहे तिथे सरकारी तपासनिसाने डोकावू नये, असे इतरांना. मी ख्रिस्ती आहे. अशा निवासांसाठी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दान गोळा होते आणि तिथल्या पुरुषांसाठी दर रविवारी प्रार्थनाही होते. तरीही मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. मान्यता जरूर द्यावी. पण निवासात येणाऱ्या माणसाला प्रार्थना आणि औषध यांतले एकच निवडायला लावता येणार नाही, या अटीतून कोणालाही सूट देऊ नये.

या कामामागे मोठी परंपरा आहे. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी १८६५ साली लंडनच्या गरीब वस्तीत ज्या कार्याची सुरुवात केली, त्यातून उभ्या राहिलेल्या मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी) दारूत बुडालेल्या पुरुषांना निवारा, जेवण आणि काम देण्याची पद्धत जगभर नेली. पुढे न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड विल्करसन या पाळकांनी रस्त्यावरच्या तरुणांसाठी 'टीन चॅलेंज' सुरू केले, आणि त्या नमुन्यावरचे निवास आज अनेक देशांत आहेत. पहाटेची प्रार्थना, पवित्र शास्त्राचा अभ्यास, दिवसभराचे काम, संध्याकाळी सर्वांपुढे स्वतःच्या अनुभवाची साक्ष, आणि आपल्याआधी याच वाटेने गेलेल्या माणसांचा शेजार असा तिथला दिनक्रम असतो, आणि तो बहुधा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालतो. रुग्णालयाला एवढा वेळ देणे परवडत नाही. घर तुटलेल्या, नोकरी गेलेल्या आणि दुःख बोलून दाखवण्याची सवय नसलेल्या पुरुषाला हा काळ आणि ही सोबत मिळणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली दारूमुळे झालेल्या सुमारे २६ लाख मृत्यूंपैकी जवळपास २० लाख मृत्यू पुरुषांचे होते.

पण पहिल्याच आठवड्याकडे पाहावे. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला आकडी येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, ताप आणि तीव्र थरथर यांनी युक्त अशी डिलिरियम ट्रेमेन्सची अवस्था ओढवू शकते. उपचार न मिळाल्यास तीत माणूस दगावूही शकतो. योग्य वेळी दिलेली औषधे आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) यांनी हा धोका पुष्कळच टळतो. अशा वेळी त्याच्या उशाशी बसून रात्रभर प्रार्थना करणाऱ्या बंधूंविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु त्या खोलीत डॉक्टरही हवा, किंवा त्या माणसाला आधी रुग्णालयात ठेवून मगच निवासात आणायला हवे.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत धोका वेगळा आहे आणि तो अधिक फसवा आहे. तिथे नशा तुटतानाचा त्रास भयंकर असला तरी मृत्यू बहुधा नंतर येतो. काही महिने नशेपासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि निवासातून बाहेर पडलेला माणूस एका कमकुवत क्षणी पूर्वीच्याच मात्रेकडे वळला तर त्याचा श्वास थांबू शकतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या अफूच्याच वर्गातील औषधांनी अशा मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटते, आणि २००५ पासून दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीदेखील ही औषधे घेणे म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे आहे, असे सांगून ती बंद केल्याशिवाय प्रवेश न देणारे निवास आहेत. हा नियम श्रद्धेतून आला आहे असे मी मानत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याने वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला आधी तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, मग उतारशाळेत नेले, आणि पुढे लागेल तो खर्च परतल्यावर देण्याचे वचनही दिले. उपचार, निवारा आणि नंतरची काळजी हे तिन्ही त्या एका कृतीत आहे.

म्हणून मान्यतेच्या नियमांत डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध चालू ठेवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत असावा, प्रवेशापूर्वी वैद्यकीय तपासणी बंधनकारक असावी, आणि निवास सोडताना प्रत्येकाला जवळच्या उपचारकेंद्राशी जोडून द्यावे. अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्यांच्या कुटुंबीयांना नॅलोक्झोन, म्हणजे अतिमात्रेवरचा उतारा, कसे वापरायचे हेही शिकवावे. अर्ध्यावर निघून जाणाऱ्यालाही हे सारे मिळावे, कारण सर्वाधिक धोका त्यालाच असतो. राहण्याची संमती लेखी असावी, ती कधीही मागे घेता यावी, आणि उपासनेला न बसणाऱ्याला शिक्षा होऊ नये. सक्तीच्या गुडघे टेकण्याला आम्हीसुद्धा प्रार्थना म्हणत नाही.

कामाविषयीही बोलणे भाग आहे. श्रमाने माणसाला स्वाभिमान परत मिळतो हे खरे, पण निवासाचा व्यवसाय त्याच्या फुकट श्रमावर चालू लागला की उपचार मागे पडतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली टोनी आणि सुझन अलामो फाउंडेशनच्या खटल्यात हाच मुद्दा निकाली काढला. त्या धार्मिक संस्थेच्या व्यावसायिक उद्योगांत राबणाऱ्यांमध्ये पूर्वाश्रमीचे व्यसनी पुष्कळ होते आणि त्यांना वेतनाऐवजी अन्न, वस्त्र व निवारा मिळत असे. त्यांनाही किमान वेतनाचा कायदा लागू होतो, असे न्यायालयाने ठरवले. आपल्या नियमावलीतही स्वतःच्या घरातील कामे आणि बाजारात विकले जाणारे काम यांत अशीच रेषा आखलेली असावी.

शेवटची विनंती हिशेबाची आहे. वर्ष पूर्ण करणाऱ्यांपैकी किती जण व्यसनमुक्त राहिले, हे निवास अभिमानाने सांगतात. अनुदान देताना आपल्या खात्याने दाखल झालेल्या प्रत्येकाची नोंद मागावी: किती जण पहिल्या महिन्यात गेले, किती जणांना काढून टाकले, आणि बाहेर पडल्यावर वर्षभरात त्यांचे काय झाले. ही माहिती देण्याची तयारी दाखवणाऱ्या निवासाला, त्याच्या भिंतीवर क्रूस आहे एवढ्या कारणाने, आपण अनुदान नाकारू नये.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद