'अज्ञात' बाई दहा मिनिटांवर राहतात

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू इतका खुशीत होतास की मला तोंड उघडवेना. फेसबुक पेज मॉनेटाइझ झालं, म्हणजे पोस्टवर पैसे सुरू झाले, पहिले पैसे खात्यात पडले, रात्री बारापर्यंत मोबाईल घेऊन बसणं हेही काम असतं हे आता तरी वहिनींना पटेल, वगैरे. मी अभिनंदन म्हटलं आणि गिऱ्हाईक आलंय असं सांगून फोन ठेवला. दुकानात चिटपाखरू नव्हतं. हे पत्रात लिहितोय, कारण फोनवर तू मधेच तोडतोस आणि मग मी विषय सोडून देतो.

तुझी ती पुराच्या रात्रीची पोस्ट. भांडी बाजारातला वाडा, तळमजल्यात पाणी, आई पोरांना घेऊन माळ्यावर बसलेली, आणि सकाळी गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली दिसेनासा झाला म्हणून काठावर हात जोडून उभी असलेली म्हातारी माणसं. खाली तू लिहिलंयस, 'लेखक अज्ञात. सोशल मीडियावरून साभार.' नऊ हजार शेअर. सगळ्यात जास्त पैसे याच पोस्टवर सुटले, हेही तूच सांगितलंस.

विन्या, त्या अज्ञात बाई माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या आठवणींच्या वहीचं टायपिंग गेलं वर्षभर माझ्याकडेच चाललंय. हा मजकूर त्यांनी आधी स्वतःच्या फेसबुकवर टाकला होता, नावासकट. मंगळवारी आल्या त्या थेट काउंटरवर एक कागद ठेवूनच. भाचीने काढून दिलेली, तुझ्या पोस्टची प्रिंट. चष्मा पदराने पुसत म्हणाल्या, "अहो, मी जिवंत आहे. अज्ञात कधी झाले?"

मला वाटलं, नावाचीच तक्रार असणार. पण त्यांचं बोट तिसऱ्या परिच्छेदावर होतं. तिथे लिहिलं होतं, 'आईने आम्हाला गोधडीत गुंडाळलं.' म्हणाल्या, "मी वाकळ लिहिलं होतं. माझ्या आईच्या तोंडी गोधडी हा शब्दच नव्हता." आणि शेवटी कोणीतरी चिकटवलेल्या दोन ओळी: आई ही आईच असते, पटलं तर शेअर करा. त्यावर काही बोलल्या नाहीत. कागद उलटा करून ठेवला फक्त.

वाकळीची गोधडी तू केली नाहीस, माहीत आहे मला. तुझ्याकडे आलं तेच चार ग्रुप फिरून, नाव गळून, शेपूट चिकटून. पण त्या चार ग्रुपांपैकी कोणाला छदाम मिळाला नाही. तुला मिळाला. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

आता मी काय मोठा धुतल्या तांदळाचा, असं तू म्हणशील. म्हणून माझंही सांगतो. 2019च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय? त्याचा एक फोटो तेव्हा सगळीकडे फिरत होता, मारुतीच्या गळ्याला पाणी लागलेलं, मागे काळंकुट्ट आभाळ. एका गिऱ्हाइकाची दिवाळीची कॅलेंडरं छापायची होती, पाचशे. मी तो फोटो उचलला. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं, ते शेजारच्या पाण्याचा तुकडा वर ओढून झाकून टाकलं. असलं काम हाताला इतकं सवयीचं, की त्यात काही विचार करावा असं वाटलंही नाही. जानेवारीत एक मुलगा दुकानात आला. कॅलेंडर उघडून त्या कोपऱ्यावर नख फिरवलं आणि म्हणाला, "इथे लाट उलटी चाललीय, काका." भांडला नाही. पहाटे चारपासून पुलावर उभा होता, कॅमेऱ्याला दुधाची पिशवी बांधून, तेवढं सांगितलं. मी म्हटलं, नेटवर होता म्हणून घेतला. तो हसला. ते हसणं मला अजून टोचतं.

पैसे दिले त्याला, त्याने मागितले त्याहून थोडे जास्तच. आणि उरलेल्या दोनशे कॅलेंडरांवर त्याच्या नावाच्या पट्ट्या मी स्वतः बसून चिकटवल्या. दोन रात्री. बोटांवरची डिंकाची खपली आठवडाभर निघत होती.

तेव्हापासून जरा वाचायला लागलो. आपला कॉपीराइट कायदा 1957चा. नोंदणी लागत नाही, लिहिलं की हक्क जन्माला आला, फोटो काढला की आला. फेसबुकवर टाकलं म्हणजे वाटून टाकलं असं होत नाही. त्यातलं 57वं कलम मला फार आवडतं. हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाली तर त्याला हरकत घेता येते. वाकळीची गोधडी केल्याने प्रतिष्ठा जाते का, ते कोर्ट ठरवेल. बाईंचं ठरलेलं आहे.

63वं कलम मात्र तुझ्यासाठी. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यात कमाईसाठी केलेलं नसेल, तर खास कारण नोंदवून कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. तुझ्या पेजवरून पैसे येऊ लागले त्या दिवशी ही पळवाट तुझ्यासाठी अरुंद झाली बघ. घाबरवत नाहीये. बाई कोर्टात जाणाऱ्यातल्या नाहीत.

आणि ते 'साभार'! साभार म्हणजे आभारासह. कोणाचे आभार, मोबाईल कंपनीचे? नाव न देणं ही एक गोष्ट आणि परवानगी न घेणं ही दुसरी. नाव दिल्याने दुसरी फिटत नाही. ज्ञानेश्वरीवर कोणाचा कॉपीराइट नाही, उद्या अख्खा अध्याय टाक. पण खाली स्वतःचं नाव घातलंस तर कायदा गप्प बसला तरी पंचवटीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. उलट कुसुमाग्रज 1999 साली गेले, त्यांच्या कवितांवरचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2059 अखेरपर्यंत शाबूत. तिथे नाव देऊनही परवानगी लागते. आपल्याकडे तर तिसराच प्रकार, यमक जुळलेलं काहीही त्यांच्या नावावर खपवायचं. दर 27 फेब्रुवारीला माझ्याकडे असली दोन-तीन फ्लेक्स येतात. आता मी विचारतो, ही त्यांची आहे कशावरून? लोक चिडतात आणि पुढच्या दुकानात जातात.

तू म्हणशील, कंपनीने का नाही अडवलं? काही प्रमाणात अडवतात. 2025च्या जुलैत फेसबुकने सांगितलंच, दुसऱ्याचा मजकूर पुन्हापुन्हा वापरणाऱ्यांची कमाई बंद करू आणि पोस्टची पोच कमी करू. यूट्यूबवर 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचे ठपके, आले की चॅनल जाऊ शकतं. 2016मध्ये स्टीमिट नावाचा प्रकार निघाला, तिथे वाचकांच्या मतांवर लिहिणाऱ्याला क्रिप्टोचे पैसे. चोरीचा माल दिसला की लोक उलटं मत देऊन ते पैसे शून्यावर आणू शकत, कारण हिशोब सात दिवसांनी व्हायचा. मला ती सात दिवसांची सोय शहाणपणाची वाटते. पण शेवटी यंत्राला व्हिडिओ कळतो, गाणं कळतं. गोधडीखालची वाकळ त्याला कुठून दिसणार?

आणि तक्रारीचा रस्ता बघ. आपल्या कॉपीराइट नियमांप्रमाणे कंपनीकडे लेखी तक्रार गेली की 36 तासांत मजकूर खाली उतरवायचा, पण फक्त 21 दिवस. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा वर चढवायला कंपनी मोकळी. म्हणजे बाईंनी ते गुडघे घेऊन सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, आणि तुला पाचशे-सातशे रुपये मिळाले म्हणून! ज्याने पोस्ट टाकली त्यानेच आधी शोधावं, हे सोपं नाही का? पहिली ओळ अवतरणचिन्हांत घालून शोध घे. मी घेतला. दोन मिनिटांत बाईंची मूळ पोस्ट सापडली.

काल बाईंना विचारलं, पोस्ट काढायला सांगू का? नको म्हणाल्या. नऊ हजार लोकांनी आईला पाहिलं, ते असू दे. नाव घाला, वाकळ घाला आणि शेवटच्या दोन ओळी काढा. मग जरा थांबून, "त्यांना याचे पैसे मिळतात म्हणे. किती?" मी म्हटलं, माहीत नाही.

खोटं बोललो, विन्या. तुझ्यासाठी.

मंगळवारी अकराला त्या प्रुफं न्यायला येतात. तेव्हा दुकानाच्या नंबरवर फोन कर, मी त्यांच्या हातात देईन. आकडा तूच सांग. त्या पैसे घेतील असं वाटत नाही, पण ते त्यांना ठरवू दे.

काकूंना नमस्कार. वहिनींना यातलं काही सांगू नकोस, मोबाईल काढून घेतील.

तुझा,
बाळ्या

ता. क. पोस्टमध्ये वाकळ टाइप करताना नीट बघ. माझ्या फोनवर तीनदा 'वाकडं' झालं.