वादळ, टँकर आणि लांबलेलं येणं

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर आमच्या टँकरचा ठिपका अमेरिकेतल्या ह्यूस्टन बंदराच्या तोंडाशी येऊन उलटा फिरला म्हणून बाबा रात्रभर मोबाइल घेऊन बसले होते, असं आईच्या मेसेजवरून कळलं. बाबा, तो आम्ही मुद्दाम फिरवलाय. चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातात शिरून लुइझियानाकडे निघालंय, आणि अशा वेळी बंदरात बांधलेल्या जहाजाचेच हाल जास्त. पाणी फुगतं, दोर तुटतात, जहाज धक्क्यावर आपटतं. खोल समुद्रात पळायला जागा तरी असते. तसंही तिथलं कोस्ट गार्ड 72 तास आधीपासून इशारे चढवत नेतं. शेवटचा ‘झुलू’ लागला, म्हणजे बारा तासांत सोसाट्याचा वारा येणार, की बंदर बंद. मोठ्या जहाजांना त्याआधीच बाहेर काढतात.

मार्ग आखायचं काम माझ्याकडे आहे. मायामीच्या हरिकेन सेंटरचा अंदाज चुकणार हे धरूनच आम्ही चालतो: वादळाच्या 24 तासांनंतरच्या जागेभोवती, 34 नॉटच्या (ताशी सुमारे 63 किलोमीटर) वाऱ्याच्या घेराबाहेर आणखी 100 सागरी मैल सोडायचे, 48 तासांसाठी 200, 72 साठी 300. आखात काही एवढं मोठं नाही, त्यामुळे नकाशावर मोकळं पाणी फार उरत नाही. इकडच्या गोलार्धात वादळाची उजवी बाजू वाईट, कारण तिथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीची भर पडते. म्हणून आम्ही डावीकडे, नैऋत्येला सरकतोय. त्यात टँकर रिकामा. रिकामा टँकर पाण्यावर उंच राहतो आणि सगळा वारा अंगावर घेतो. म्हणून जहाज जड करायला बॅलास्ट टाक्या समुद्राच्या पाण्याने भरल्यात. फारच बिघडलं तर तेलाच्या टाक्यांतही समुद्राचं पाणी घेता येतं, पण मग ते तेलकट पाणी निस्तरत बसावं लागतं. त्यापेक्षा चार दिवस लांब राहिलेलं बरं, असं कॅप्टनचं मत, आणि माझंही.

आणि ठिपका तासन्‌तास हलला नाही तर घाबरू नका. किनाऱ्यापासून लांब गेलं की फुकटच्या ॲपला आमचा सिग्नलच मिळत नाही.

खरा खोळंबा वादळ गेल्यावर होतो. ह्यूस्टनचा जहाजमार्ग सुमारे 80 किलोमीटरचा. 2017 च्या हार्वे वादळानंतर पुराचा गाळ त्यात येऊन बसला होता. आधी तळ मोजायचा, वाट दाखवणारे तरंगते बॉय सरकलेले असतात ते जागेवर आणायचे, मग बंदराचे वाटाडे, म्हणजे पायलट, जहाजं आत घेणार, तीही सुरुवातीला बहुधा दिवसाउजेडी. रिफायनऱ्या बंद पडल्या असतील तर कच्चं तेल आणणारे टँकर भरलेले असूनही बाहेरच ताटकळतात, आणि पेट्रोल मात्र युरोपातून मागवावं लागतं. 2005 मध्ये कतरिना वादळानंतर तसंच झालं होतं. बाबा, तेलाचे भाव वादळात असे वेडेवाकडे का हलतात, हे तुम्ही विचारलं होतंत ना?

आमचा नंबर कधी लागेल ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. माझ्या जागी येणारा ऑफिसर ह्यूस्टनलाच चढणार, म्हणजे माझं घरी येणंही लांबलं. तेव्हा बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी पुढे ढकलू नका. दादाशी माझं बोलणं झालंय, तो रजा काढतोय. आई, थेंब कधी घालायचे ते डॉक्टरांकडून लिहून घे. बाबांच्या आठवणीवर सोडू नकोस.

तुमची,
ताई