जुन्या तंबोऱ्याला पॉलिशपेपर लावण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या जुन्या वाद्यांना ‘नवं रूप’ देण्याविषयीचा लेख वाचला. अडगळीतलं वाद्य लोकांनी बाहेर काढावं, ही लेखकाची तळमळ मला मनापासून पटली. पण जुनं पॉलिश घासून काढा, भेगा एपॉक्सीने, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या रासायनिक गोंदाने, बुजवा आणि वरून चकचकीत व्हार्निशचे दोन हात मारा, हा सल्ला कृपा करून कोणी तंबोऱ्यावर वापरू नये. यातली एपॉक्सीची चूक मी स्वतः करून बसले आहे, म्हणून लिहिते.

तंबोरा माझ्या आत्याचा. ती गेल्यानंतर बावीस वर्षं तो गवसणीत, कपाटामागे उभा होता आणि तारा तशाच चढलेल्या. बाहेर काढला तेव्हा दोन तारा तुटलेल्या होत्या, दांडी आणि भोपळा जिथे मिळतात तो सांधा नखभर उघडला होता आणि भोपळ्याला वीतभर भेग गेली होती. मी भेगेत एपॉक्सी भरलं. दगडासारखं घट्ट बसलं, मला समाधान वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या अगदी शेजारून दुसरी भेग गेली. भोपळा म्हणजे शेवटी वाळलेलं फळ. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतात पिकलेला, तंबोऱ्यासाठीच राखलेला कडू भोपळा. पावसाळी दमट हवेत तो फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. एपॉक्सी जागचं हलत नाही, मग बिचारा भोपळाच फाटतो.

वाद्यांचं काम करणारे एक वयस्कर कारागीर तो बघून एवढंच म्हणाले, “ताई, सरसाने जोडलेलं उघडता येतं. हे आता कोरून काढावं लागेल.” कोरायला मला तीन आठवडे लागले.

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंद. त्याचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवायचे आणि ते भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवायचं. उकळी आली की त्याची पकड जाते. वाळल्यावर सरस लाकूड घट्ट धरून ठेवतो, पण ऊब आणि ओल मिळाली की सोडतो. भोपळ्यावरची तबली, म्हणजे त्याच्या तोंडावरची पातळ लाकडी फळी, आम्ही याच गुणामुळे उचलू शकलो. कोमट केलेली पातळ सुरी सांध्यातून बोटबोट सरकवत अख्खी संध्याकाळ गेली. आत बॅटरीचा उजेड टाकला तर जुन्या भेगेवर सुती कापडाच्या दोन पट्ट्या सरसात भिजवून लावलेल्या दिसल्या. माझ्या आधी कोणीतरी हा तंबोरा उघडला होता आणि पुढच्याला पुन्हा उघडता येईल असाच बंद केला होता. त्या पट्ट्यांकडे मी किती वेळ बघत बसले, सांगता येत नाही. नव्या भेगेवर आम्ही तशीच तिसरी पट्टी लावली.

तारा सोडवताना एकदम कापू नयेत. चारही खुंट्या आळीपाळीने थोड्या थोड्या सैल कराव्यात. त्याआधी घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तबलीवरच्या छोट्या पट्टीच्या, पायांभोवती पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी, कारण बऱ्याच तंबोऱ्यांची घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबानेच उभी असते. खुंटी घसरत असेल तर खडू लावावा, तेल कदापि नको.

घोडीचा वरचा पृष्ठभाग मात्र घरी घासू नये. सगळी जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा झणकार, तिथेच आहे. तार ताणून छेडली की, मूळ सुरासोबत उमटणाऱ्या ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू, म्हणजे तारेवरची न हलणारी जागा, छेडलेल्या जागी पडतो ते उमटायला नकोत, असा नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत तो लागू पडत नाही, ते उपस्वरही ऐकू येतात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच मांडलं होतं. कारण घोडीचा तो किंचित उतरता, रुंद माथा. कारागिरांनी आमच्या घोडीवर दोनदा कानस फिरवली, तार चढवली, ऐकलं, पुन्हा उतरवली. चार तारांना अख्खी दुपार गेली. शेवटी खर्जाच्या तारेखाली, घोडीवर, जवारीचा दोरा सरकवला आणि तो एका जागी थांबला तेव्हा आवाज एकाएकी उघडला.

आणि पॉलिश. आत्याचा अंगठा दांडीच्या कडेला जिथे टेकायचा, तिथे बोटाच्या पेराएवढ्या जागेवरचं पॉलिश गेलं आहे आणि लाकूड हाताला मऊ लागतं. लेखातल्याप्रमाणे घासलं असतं तर सर्वांत आधी हीच जागा गेली असती. नुसत्या जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसून तंबोरा छान दिसतो. पॉलिश लावायचंच असेल तर जुनं कशाचं आहे ते आधी बघावं. आड जागी स्पिरिटचा थेंब लावून ते चिकट झालं, तर बहुधा लाखेचं. अजून एक, लेखात हा धोका अजिबात आलेला नाही. जुन्या वाद्यांवरची पांढरी नक्षी पुष्कळदा सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, असते. ते झटकन पेट घेतं आणि अ‍ॅसिटोनने विरघळतं. तिच्याजवळ मेणबत्ती, हीट गन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नेऊ नये.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आपण सर्वांनी अभिमानाने वाचल्या. ते मानांकन ज्या हातांच्या कसबाला मिळालं, ते कसब कित्येक घरांत आज गवसणीत उभं असेल. ते पॉलिशपेपरखाली जाऊ नये म्हणून निदान एपॉक्सी आणि सेल्युलॉइड या दोन गोष्टींची दुरुस्ती येत्या पुरवणीत ठळक छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपली नियमित वाचक