सेन्सेक्स शेजारी डॉलरचा हिशोबही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रुपया पडला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सल्ला असतो, आयटीचे शेअर घ्या, त्यांची कमाई डॉलरमध्ये आहे. पुण्यात तर हे घरोघरी ऐकू येतं. पण २०२५ मध्ये रुपया साधारण ५ टक्के घसरला, ३ डिसेंबरला डॉलरने ९० ची वेस ओलांडली आणि तरी निफ्टी आयटी, म्हणजे आयटी शेअरचा इंडेक्स, वर्षअखेरीला खालीच होता! कारण या कंपन्या पुढच्या महिन्यांचे डॉलर आधीच ठरलेल्या भावाने विकून ठेवतात, वर अमेरिकेतला क्लायंट खर्चाला हात आखडता घेत होता, मग रुपया पडल्याचा फायदा उरणार किती.

खरी गोम विदेशी फंडांच्या विक्रीत आहे आणि त्यावर तुमच्या अर्थविषयक पानात फार कमी येतं. हे लोक डॉलर आणतात, रुपये करतात, शेअर घेतात आणि जाताना उलटं करतात, त्यामुळे शेअर १० टक्के वाढला आणि रुपया तेवढाच पडला तर त्यांच्या हातात काहीच पडत नाही. मग ते विकतात, विकून डॉलर मागतात, त्याने रुपया अजून पडतो आणि जे थांबलेत त्यांचाही हिशोब बिघडतो. २०१३ ला हेच झालं, मे महिन्यात अमेरिकेच्या फेडचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख बर्नान्के नुसतं म्हणाले की बाजारात डॉलर ओतणारी बाँड खरेदी कमी करू शकतो, तर ५५ च्या आसपासचा डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या वर गेला आणि २० हजारावरचा सेन्सेक्स १८ हजाराच्या खाली आला.

२०२५ मध्ये मात्र बाजार तसा कोसळला नाही, कारण आपल्या एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा भरायच्या ठरावीक रकमेचे, वर्षअखेरीला महिन्याला २९ हजार कोटींच्या वर येत होते आणि विदेशी लोकांनी विकलेलं आपले फंड उचलत होते. माझं मत असंय की यामुळे विदेशी फंडांना चांगल्या भावात बाहेर पडायला मिळतं, आणि जो मार शेअरच्या भावाला बसायचा तो रुपयाला बसतो. डिसेंबर २०२५ मध्ये रुपया ९० च्या पार गेला तेव्हा सेन्सेक्स ८५ हजाराच्या वर होता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. ज्यांची मुलं बाहेर शिकतायत त्यांना फी भरताना वाटलं असेल.

जुना हिशोब बघा. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजार होता, डॉलर ३९ रुपये. २०१३ च्या दिवाळीत सेन्सेक्स परत २१ हजारावर आला, फटाके वाजले, पण डॉलर ६२ ला होता, म्हणजे डॉलरमध्ये बाजार एक तृतीयांशाहून जास्त खालीच होता!! आणि तेल आपण ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, सोनं आणि निम्म्याहून जास्त खाद्यतेल पण बाहेरचंच, त्यामुळे हा हिशोब फक्त विदेशी लोकांचा आहे असं समजू नका. पेंट, टायर, विमान कंपन्यांचा खर्च रुपयाबरोबरच वाढतो, ज्यांनी परदेशातून कर्ज घेतलंय त्यांचा हप्ता वाढतो, आणि हे शेअर आपल्या म्युच्युअल फंडात असतातच.

बीएसईचा डॉलेक्स-३० नावाचा इंडेक्स आहे, सेन्सेक्सच पण डॉलरमधला. तो रोज सेन्सेक्सच्या शेजारी एका ओळीत छापा, आणि सोबत वर्षभरापूर्वीचा आकडाही द्या.

आपला नियमित वाचक,
पुणे