माझ्या वाटची प्रार्थना तुम्ही केलीत

आदरणीय मावशींना,

सप्रेम सलाम.

यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा उद्गार बोलायला माझ्याकडे आला होता. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ गुडघ्यांमुळे तुम्हाला उपासनेला येता आलं नाही. प्रत्येकाला दहा मिनिटं ठरलेली. त्यात मी हा उद्गार जिथून आलाय त्या बाविसाव्या स्तोत्रावर बोलले, वधस्तंभाच्या जागेवरच्या, गुलगुथ्यावरच्या अंधाराबद्दल बोलले. पण या उद्गारावर उभं राहून बोलायचं बळ मला कुणामुळे आलं, ते सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. आणि ते मुद्दाम उघड लिहितेय, कारण आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून अशी पुष्कळ घरं आहेत जिथलं माणूस अवेळी गेलंय आणि जिथे कुणीतरी जाऊन नको ते बोलून आलंय. त्या घरांतल्यांनी हे वाचावं, आणि बोलून आलेल्यांनीही.

२०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला होता. दुसऱ्या दिवसापासून कोरोनामुळे राज्यातली प्रार्थनास्थळं बंद झाली आणि त्याच महिन्यात हे, माझे यजमान, गेले. खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिवीरसाठी त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने जी धावाधाव केली, तीच आम्ही केली. ती पुन्हा सांगत बसत नाही.

दफनविधीचं मात्र सांगायला हवं. वीस माणसांचीच परवानगी होती, तेवढीही आली नाहीत. पाळकसाहेब मास्क लावून लांबून वाचत होते, निम्मे शब्द आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. शवपेटी उघडली नाही. पीपीई किट घातलेल्या पोरांनी ती दोरांवरून खाली सोडली आणि घाईने माती लोटली. गाणं झालं नाही. आपल्यात गरिबातल्या गरीब माणसालाही मंडळी गात पोचवते, आणि आयुष्यभर दर रविवारी पेटी वाजवणाऱ्या माणसाला एक कडवंसुद्धा मिळालं नाही. मला सगळ्यात जास्त ते लागलं होतं.

तुम्हाला ते न सांगता कळलं. रात्री तुमचा फोन आला. तुमच्या साध्या बटनांच्या फोनवर तुम्ही महिला मंडळाच्या बायकांना कुणाकुणाच्या मदतीने जोडून घेतलं होतं. ‘ऐक गं,’ एवढंच म्हणालात आणि सुरू केलंत. एकीचा आवाज पुढे, दुसरीचा मागे, मधेच कुणाच्या घरातला कुकर शिट्टी देतोय, कुणाची लाईन तुटून परत लागतेय. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली यांच्या आवडीची तीन गाणी तुम्ही सगळ्या कडव्यांसकट म्हटलीत. माझा मुलगा फोन स्पीकरवर धरून उभा होता. यांचा खरा दफनविधी मी तोच मानते.

त्यानंतरच्या दिवसांत सांत्वनाला खूप फोन आले. माणसं प्रेमाने बोलत होती, हे मला मान्य आहे. ‘देवाची काहीतरी योजना असेल.’ ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ एकांनी तर विचारलं, घरात विश्वासाने प्रार्थना होत होती ना? हा प्रश्न कुणी कुणाला विचारू नये. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनीही असंच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. योहानाचा नववा अध्याय आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्येच वाचलेला असतो, तरी ऐन वेळी विसरतो.

तुम्ही असलं काहीच बोलला नाहीत. रोज संध्याकाळी सातला फोन करायचा आणि एक स्तोत्र वाचायचं. चष्मा पुसायचा आवाज, पानं उलटल्याचा आवाज, मग स्तोत्र, मग ‘जेव आता’. अर्थ नाही, उपदेश नाही. मी वाट बघत होते की तुम्ही ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’वर कधी येणार, कारण सगळे तेच पाठवत होते. तुम्ही अठ्ठ्याऐंशीवं वाचलंत. शेवटपर्यंत नुसती हाक आणि अंधार. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी जशी स्तुतीकडे वळणारी ओळ येते, तशी त्यात येत नाही. मी विचारलं, ‘मावशी, हे असंच संपतं?’ तुम्ही म्हणालात, ‘असंच संपतं. आणि तरी पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी ठेवलं त्यांना ते काढून टाकता आलं असतं की.’

त्या रात्री मी यांच्यामागे पहिल्यांदा मोठ्याने रडले. देवाशी भांडले म्हटलं तरी चालेल. पण कितीतरी दिवसांनी मी त्याच्याशी बोलत होते.

मी प्रार्थना करता येत नाही असं सांगितलं तेव्हाचं तुमचं उत्तर मी अनेकांना सांगितलंय. ‘येत नाही ना, मग करू नकोस. तुझ्या वाटची आम्ही करतो. तू नुसती बस.’ आणि मग कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट. छप्पर उसकटून चौघांनी त्याला बाजेसकट खाली सोडलं. मार्कने लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्याला किती विश्वास होता, याची चौकशी तिथे झालेली नाही. लहानपणापासून ही गोष्ट मी बरं होण्याची गोष्ट म्हणून ऐकत आले होते. तुम्ही मला ती बाज उचलणाऱ्यांच्या बाजूने दाखवलीत. विश्वास दृढ ठेव, विश्वास सोडू नकोस, असं आपण दुःखातल्या माणसाला सांगतो तेव्हा आपण त्याच्यावरच आणखी एक ओझं टाकतो. मंडळी कशासाठी आहे? एकाचे हात गळाले की बाकीच्यांनी धरायला. आठवण झाली की अजून भरून येतं, इतकं ते मला पटलंय.

७ ऑक्टोबर २०२१ ला प्रार्थनास्थळं उघडली. त्यानंतरच्या पहिल्या उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं वचन, म्हणताना मी ‘शरीराचे पुनरुत्थान’पाशी अडकले. पुढचा शब्द तोंडातून फुटेना. शेजारी तुमचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा झाला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, पाठीवर हात ठेवला नाहीत. माझं वाक्य तुम्ही पुरं केलंत, बस्स.

तुम्ही केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलात, रमाबाईंना डोळ्यांनी पाहिलेल्या वृद्ध बायकांच्या हाताखाली. रमाबाईंबद्दल मला आधी माहीत होतं ते पाठ्यपुस्तकातलं आणि जयंतीच्या भाषणांतलं. तुम्ही सांगायचात ते वेगळं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पदरी तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ चा, इंग्लंडमधला. म्हणजे या बाईने दुःख पाहण्याआधी विश्वास धरला नव्हता, सगळं गमावून झाल्यावर धरला. आणि धरल्यावरही तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टरांशी पत्रांतून वाद घातले, पटेना ते पटेना म्हणून सांगितलं. प्रश्न विचारल्याने विश्वास जात नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम चालू होतं, आणि ५ एप्रिल १९२२ ला जाईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. तुम्ही हे सांगून थांबायचात. ‘बघ, त्या किती खंबीर’ असं कधी जोडलं नाहीत. एकदा एवढंच म्हणालात, ‘लेक गेल्यावर स्तोत्रसंहितेची पानं हातात घेताना काय झालं असेल गं त्यांना?’ मला त्या तेव्हा पहिल्यांदा आई म्हणून दिसल्या.

माझ्या मुलाबद्दल वेगळे आभार मानायचे आहेत. त्या वर्षी त्याची दहावी. परीक्षा रद्द झाली, बाप गेला, हातात काहीच नाही. तो देवावर रागावला आणि चर्चला यायचा थांबला. बऱ्याच जणांनी त्याला समजावलं. तुम्ही त्याला रेडिओ दुरुस्त करायला बोलावलंत. मग मोबाईलचा रिचार्ज, मग गॅसचा नंबर लावायला, मग उगाचच. दरवेळी त्याच्यापुढे ताट. बोर्डिंगच्या मेट्रनच्या हाताखालून इतक्या मुली गेल्यावर उपाशी पोर ओळखू येतं, असं तुम्ही म्हणायचात. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, ‘ऊठ, खा’ म्हणाला, आणि तो जेवून परत झोपला तर झोपू दिलं. हे मला तुमच्या स्वयंपाकघरात समजलं. कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारची पन्नास हजारांची मदत जाहीर झाली तेव्हा मृत्यूचा दाखला, रिपोर्ट, पासबुक घेऊन तुम्ही त्यालाच अर्ज भरायला बसवलंत. बापासाठी काहीतरी केल्याचं त्याला वाटलं. तो अजूनही दर रविवारी येत नाही. नाताळला येतो, आणि मागच्या कापणीच्या सणाला यांची पेटी उचलून वेदीजवळ नेऊन ठेवली. वाजवली नाही. मी घाई करत नाही, कारण तुम्हीही माझ्याबाबतीत केली नव्हतीत.

आता एक मागणं आहे. तुमच्या उशाशी ती लांब वही असते, मध्यस्थीच्या प्रार्थनेची, ज्यांच्यासाठी तुम्ही प्रार्थना करता त्यांच्या नावांची. तुमची नजर आता पूर्वीसारखी नाही, आणि रात्री दिवा लावून वाचता म्हणून तुमची सून काळजी करते. वहीतली अर्धी नावं मला द्या. मंडळातल्या दोघीजणीही घ्यायला तयार आहेत. शिवाय स्टेशनकडच्या वस्तीतली एक मुलगी आहे, मार्चमध्ये तिचं बाळ गेलं. तिचं नाव तुमच्या हस्ताक्षरात हवंय. मी तिला रोज सातला फोन करते. स्तोत्र वाचते आणि ठेवते. परवा तिने विचारलं, पुढचं कोणतं? मी सांगितलं, मावशींना विचारून सांगते.

तेव्हा शनिवारी दुपारी येते. वही काढून ठेवा, आणि कृपा करून जेवणाचा घाट घालू नका, डबा मी आणतेय.

ख्रिस्तात तुमची,
तुमच्याच गल्लीतली लेक