वडाळा ते नगर: कंडक्टरकाकांना आभाराचं पत्र

ती. काकांना,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पत्र सगळ्यांना वाचायला देणार आहे. गेल्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी तुमच्याविषयी चर्चमध्ये भरल्या मंडळीत बोलले आणि बोलताना एक चूक केली. चूक चारचौघांत झाली, म्हणून दुरुस्तीही चारचौघांतच करायची आहे. शिवाय आभार मानायचे राहिलेत, ते सत्तावीस वर्षांपासून.

१९९८ सालचा जुलै. मी नगरला अकरावीत होते आणि वडाळा बहिरोब्याहून रोज सकाळच्या एसटीने जायचे. घोडेगाव, पांढरीचा पूल, इमामपूरचा घाट, जेऊर, मग नगर. वडील कारखान्यात हंगामी कामाला होते. मागच्या हंगामाचा पगार थकला होता आणि घरात उधारीवर चाललं होतं. विद्यार्थी सवलतीचा माझा मासिक पास १३ तारखेला संपला. नवीन काढायला पैसे मागायची हिंमत झाली नाही. पासावरची तारीख इंग्रजी आकड्यांत हाताने लिहिलेली होती. तीनाचा आठ करायला बॉलपेनाची दोन वळणं पुरली. रात्री दिवे गेले होते, कंदिलाच्या उजेडात मी ते केलं आणि पाच दिवस मिळवले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गाडी खच्चून भरलेली. काचांवरून पाणी ओघळत होतं. तुम्ही दांडीवर चिमटा टिकटिकवत मागून पुढे आलात. तेव्हा मशीन आलं नव्हतं, तुमच्या हातात तो तिकिटांचा ट्रे असायचा. एरवी तुम्ही पास लांबूनच बघायचात. त्या दिवशी तो प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलात. कागद दमट होता. तुमचा अंगठा त्या आठावरून फिरला आणि अंगठ्याला निळी शाई लागली. तुम्ही अंगठ्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. माझ्या शेजारी आमच्याच गावच्या दोघी बसल्या होत्या.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. पास आपल्या शर्टाच्या खिशात ठेवलात. त्याच खिशातून स्वतःचं पाकीट काढलंत, पैसे मोजलेत आणि गळ्यातल्या चामडी पिशवीत टाकलेत. मग ट्रेमधून तीन रंगांची तिकिटं फाडलीत, चिमटा मारलात आणि माझ्या हातात दिलीत. शेजारणींना वाटलं असेल, पोरीने आज तिकीट काढलं. तेवढंच.

तारकपूरच्या स्टँडवर सगळे उतरेपर्यंत मी जागेवरच बसून राहिले. पाय उचलत नव्हते. तुम्ही म्हणालात, "हा पास आता माझ्याजवळ राहू दे. नवा काढेपर्यंत माझ्याच गाडीला ये." संध्याकाळच्या गाडीला दुसरे कंडक्टर असतात, म्हणून परतीच्या तिकिटाचे पैसेही माझ्या हातावर ठेवलेत. मी रडायला लागले तर म्हणालात, "कॉलेजला उशीर होईल." आणि वे-बिल घेऊन कंट्रोलरच्या खिडकीकडे निघून गेलात.

काका, पुढची कित्येक वर्षं मी एवढंच म्हणायचे की तुम्ही मला वाचवलंत. पण तुमच्यापुढे दोन सोपे रस्ते होते, आणि तुम्ही दोन्ही धरले नाहीत. भर गाडीत ओरडून पास जप्त केला असता, तर नियमाने ते बरोबरच होतं. किंवा न बघितल्यासारखं करून पुढे गेला असता, तर लोकांनी त्यालाही दयाळूपणाच म्हटलं असतं. तुमचं मात्र पक्कं होतं: माझ्या बसण्याचे पैसे महामंडळाला मिळाले पाहिजेत, आणि ते माझ्याकडे नाहीत. मग ते तुमच्या पाकिटातून गेले. मी फुकट सुटले, पण फुकट काहीच सुटलं नव्हतं. वधस्तंभाविषयी लहानपणापासून शब्बाथ शाळेत, चर्चच्या रविवारच्या वर्गात, जे पाठ केलं होतं, ते मला त्या तीन रंगांच्या तिकिटांनी समजावलं. समजायला मात्र फार वर्षं लागली.

आणि डिसेंबरात मी पैसे परत आणले, तेव्हा तुम्ही ते घेतलेत. याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. चौथीच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन मी ते जमवले होते, रुमालाच्या गाठीत बांधून आणले होते. "राहू दे गं पोरी" असं कुणीही म्हणालं असतं. तुम्ही गाठ सोडलीत, मोजलेत, त्यातली काही नाणी मला परत दिलीत आणि उरलेले पाकिटात ठेवलेत. त्या दिवसापासून मी तुमच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू लागले. तुम्ही ते घेतले नसते, तर मी आजही तुम्हाला बघून रस्ता बदलला असता.

तुमची ती छोटी वही मी त्या काळात पाहिली. सुट्टे नसले की कंडक्टर बाकी तिकिटाच्या पाठीमागे लिहून देतात आणि उतरायच्या गडबडीत निम्मे लोक ती मागायला विसरतात. हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तुम्ही तीच बाकी तुमच्या वहीतही उतरवायचात. नावं माहीत नसायची, म्हणून खुणा असायच्या. "घोडेगाव, कांदेवाली आजी, २ रु." "जेऊर, प्लास्टर केलेला हात, १ रु. ५०." घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी, गाडीभोवती शेळ्या आणि माणसं यांची एकच दाटी, आणि तुम्ही दारातून अर्धे बाहेर वाकून हाक मारताय, "आजी! तुमचे दोन रुपये!" आजीला आठवतही नव्हतं. तिने पैसे घेतले आणि तुमच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला? तुम्ही मला बायबलातली जागा सांगितलीत, लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. जकातदार योहानाकडे बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? तुमचं म्हणणं होतं की बघ, योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही, अरण्यात या म्हणत नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच म्हणतो. "गळ्यात पैशाची पिशवी असलेल्या माणसाला याच्यापुढे काय पाहिजे?" असं म्हणून तुम्ही घंटीची दोरी ओढलीत. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय जकातदाराची गोष्टही तुम्हाला आवडायची, पण उंबरावर चढण्यापेक्षा लुबाडलेलं चौपट परत देण्याचा भाग जास्त.

आपल्या गावच्या मिशनच्या दवाखान्यात १९६०च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे काम करत होते. पुढे १९७० साली ते जामखेडला गेले, आणि खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या, काही तर शाळेतच न गेलेल्या बायांना हाताशी धरून त्यांनी गावोगावचं आरोग्य बदलून दाखवलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अकरावीत मला वाटायचं, ख्रिस्ती म्हणून जगायचं तर असं काहीतरी. ते जमणार नसेल तर मग रविवारची उपासना आणि नाताळची करंजी, बाकी काय! हे मी तुम्हाला बोलून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "त्यांना जामखेड दिलं. मला वडाळा–नगर दिलंय." कमीपणाने म्हणाला नाहीत. आपल्या रूटचा तुम्हाला अभिमान होता. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून आपल्या नगरलाच आली, हे तर तुम्ही प्रत्येक नव्या पासधारकाला सांगायचात.

मंडळीत मात्र तुम्हाला कुणी फार मोजत नव्हतं. रविवारची ड्यूटी लागली की तुम्ही उपासनेला नसायचात. कमिटीला उभे राहिला नाहीत. उठून साक्ष दिलीत असंही आठवत नाही. त्याच सुमारास मंडळीत निवडणुकीवरून दोन तट पडले, प्रकरण कोर्टात गेलं. प्रभुभोजनाला एकाच रांगेत गुडघे टेकणारी माणसं बाहेर आल्यावर एकमेकांची सलामही घेईनाशी झाली. मी तेव्हा चर्चला जाणं सोडलं. बारा वर्षं गेले नाही. त्या बारा वर्षांत देव आहे का, असा प्रश्न पडायचा, आणि दर वेळी मध्ये तुमची ती वही यायची. प्लास्टर केलेला हात, दीड रुपया. कुणीतरी बघतंय असं मनापासून वाटल्याशिवाय माणूस दीड रुपया लिहून ठेवत नाही.

आणखी एक आठवण इथे लिहून ठेवते. खंडेनवमीला ड्रायव्हरमामा गाडीची पूजा करायचे. आदल्या संध्याकाळी तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्याबरोबर अख्खी गाडी धुवायचात, चाकांसकट. पूजेच्या वेळी चपला काढून बाजूला शांत उभे राहायचात. पूजेत नसायचात आणि दूरही नसायचात. आणि आषाढीच्या जादा गाड्यांवरची ड्यूटी तुम्ही मागून घ्यायचात, कारण वारकऱ्यांत म्हातारी माणसं फार, त्यांना चढवायला-उतरवायला कुणीतरी सबुरीचं पाहिजे. आपला विश्वास काय आहे हे तुम्ही कुणापासून लपवलं नाहीत, पण तो कुणाच्या अंगावरही टाकला नाहीत.

आता माझं. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे, तुम्हाला माहीतच आहे. २०१६ साली एक भाजीवाली मावशी तिचं पिग्मीचं, म्हणजे एजंटकडे रोज भरायच्या बचतीचं, कार्ड घेऊन खिडकीशी आली. कार्डावर एजंटची सही होती, आमच्याकडे भरणा नव्हता. बघता बघता तीन खात्यांत मिळून २,४०० रुपयांचा फरक निघाला. एजंट चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, लेकरू दवाखान्यात, पैसे तिकडे गेलेले. मला भयंकर राग आला. दोन दिवस मी वरिष्ठांकडे द्यायचा कागद लिहीत आणि फाडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची सही पुन्हा बघताना माझा अंगठा त्या कार्डावर होता आणि मला शाई आठवली.

मी माझ्या पगारातून तिन्ही खात्यांचा भरणा केला. मग त्याला समोर बसवून साहेबांना सगळं सांगितलं, आणि तिन्ही खातेदारांकडे त्याला स्वतःच्या पायाने जाऊन कबूल करायला लावलं. भाजीवाल्या मावशीने त्याला चार शब्द सुनावले, मग चहा पाजला. लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. सहा महिने तो दर पगाराला ४०० रुपये आणून देत होता. दर वेळी माझ्या ओठांवर यायचं, राहू दे, लेकराला लागतील. दर वेळी मी ते मोजून घेतले. सोपं नव्हतं, काका. तुम्हाला तरी त्या डिसेंबरात सोपं गेलं का, हे मी कधी विचारलं नाही.

मी जे केलं ते शंभर टक्के बरोबर होतं असं मी म्हणत नाही. कायद्याने चालणारी माणसं म्हणतील की त्याला काढायलाच हवं होतं, आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत. लोकांचा पैसा आहे तो. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी माझ्या हातात काय करायचं याचा एक नमुना होता आणि तो तुमच्याकडून आलेला होता.

यंदा उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पहिल्यावर बोलायला मला सांगितलं. हे बापा, त्यांना क्षमा कर. मी खूप तयारी केली होती, चार पानं लिहिली होती. वेदीजवळ उभी राहिले, बाकांवर नजर गेली, आणि सगळ्यात मागे, पंख्याखाली, काठी गुडघ्यांत धरून तुम्ही बसलेले दिसलात. मी पानं मिटली आणि तुमचं नाव न घेता त्या मंगळवारची गोष्ट सांगितली. सांगताना म्हणाले, "त्या माणसाने पाच दिवस माझं तिकीट काढलं."

उपासना संपल्यावर तुम्ही दाराशी थांबला होतात. मला वाटलं, काही आशीर्वाद द्याल. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "चार दिवस. शनिवारी तू आलीच नव्हतीस. लई पाऊस होता."

घरी येऊन मी आठवत बसले. डिसेंबरात रुमालात मी पाच दिवसांचे पैसे आणले होते. तुम्ही परत दिलेली ती नाणी कसली, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.

तर सगळ्या मंडळीने कृपया दुरुस्त करून घ्यावं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. १४ ते १७ जुलै १९९८. चार दिवस.

तुमची,
वडाळ्याच्या स्टॉपवरची पोरगी